डबल बेलवाले डीनसाहेब

गेल्या महिन्यात मी मुलीकडून बसने परत येत होते. मोडनिंबच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. कमरेत वाकलेली, हातात पिशवी, आणि बस तर खच्चून भरलेली. कंडक्टरनं मागंपुढं बघितलं. मग पुढच्या बाजूला ती एक सीट असते ना, जिच्यावर आमदारांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं, तिथं एक धडधाकट गृहस्थ मोबाइल बघत बसले होते, त्यांना उठवलं आणि म्हातारीला बसवलं.

"आमदार आले तर उठायचं बरं का आजी," कंडक्टर म्हणाला.

"येऊ दे की," म्हातारी म्हणाली. "मी कदी बगितला न्हाय आमदार."

कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली, टण् टण् झालं, बस निघाली, आणि मी पदर तोंडाला लावून एकटीच हसायला लागले. शेजारची बाई म्हणाली, काय झालं ओ? आता तिला काय सांगणार. सांगायला बसले असते तर सोलापूर येऊन गेलं असतं आणि बाई पुढं अक्कलकोटला पोचली असती. म्हणून इथं लिहिते. मी काही शिकलेली नाही, सातवीत शाळा सुटली. पुढचं वाचायला लागले ते माझ्या चटणीभाकरीच्या धंद्यात शेंगाचटणी बांधायला येणाऱ्या रद्दीच्या कागदांवर. तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या मागच्या अंगणाची भिंत आणि दगडी चर्चच्या आवाराची भिंत एकच. मी त्यांच्या धर्माची नाही. पण लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मला कळलं की गल्लीत थंडगार जागा एकच आहे, ती म्हणजे त्या चर्चमधलं शेवटचं बाक. सोलापूरचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको. सासूबाई विचारायच्या, कुठं निघालीस गं? मी म्हणायची, फुलं द्यायला. तगरीची चार फुलं न्यायची आणि तासभर बसून यायचं. पुढं पुढं मी थंडाव्यासाठी जाते की साहेबांचं ऐकायला जाते हे माझं मलाच कळेना.

साहेब म्हणजे रेव्हरंड शांतवन आढाव. तिथले पाळक, म्हणजे पाद्री. उंच, हाडकुळे, कान मोठे, आणि चालताना एक हात थोडा वर उचललेला. वरच्या दांड्याला धरून चालल्यासारखा. ती सवय का, तर पाळक व्हायच्या आधी चार वर्षं ते बसवर कंडक्टर होते. सोलापूर ते नातेपुते. स्वतःच सांगायचे.

"वैनी, एकदा करकंबच्या पुढं गाडी बंद पडली. मेकॅनिक यायला चार तास. लोक भांडायला लागले. मी पायरीवर उभा राहिलो आणि योसेफाची गोष्ट सांगायला लागलो. भाऊ विहिरीत टाकतात ती. गाडी दुरुस्त झाली, तरी कोण चढेना. म्हणाले, आधी त्याला विहिरीतून काढा. ड्रायव्हर म्हणाला, आढाव, तू चुकीच्या गाडीत चढलायस."

मग ते पुण्याकडं कुठंतरी शिकायला गेले आणि पाळक होऊन आले. पण कंडक्टर काही अंगातून गेला नाही. पहिल्याच उपासनेत दानाची थैली फिरायला लागली तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं होतं, सुट्टे काढून ठेवा. नवरानवरीला आशीर्वाद देऊन झाला की हळूच म्हणायचे, चढता उतरता सांभाळून. नाताळला गर्दी झाली की व्यासपीठावरून आवाज यायचा, "पुढं सरका, मधे जागा आहे." आणि उपासना संपली की दारापाशी यायचे, घंटेची दोरी धरायचे आणि दोन टोले द्यायचे. दोनच. तिसरा कधी नाही. आधीचे पाळक म्हणे बारा टोले द्यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. माणसं देवाकडून निघालीत वैनी, त्यांना चला म्हणायचंय. बारा बेलचा अर्थ मला कोणी शिकवला नाही."

व्यासपीठावर त्यांची भाषा एकदम छापील. "प्रियजनहो, परमेश्वर दयाळू आहे." आणि भिंतीपाशी आले की, "वैनी, चटणी हाय का? लसूण जरा लई घाला की." मला आधी वाटायचं दोन वेगळे भाऊ आहेत.

त्यांचा उपदेश बारा मिनिटांचा. त्याचंही एक कारण आहे. अगदी सुरुवातीला, एका खेड्यात, ते तास दीड तास बोलायचे. चार तास गोष्ट सांगितलेला माणूस तो. एकदा त्यांच्या उपदेशात एक म्हातारे गृहस्थ झोपून बाकावरून खाली पडले. मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्या नर्स होत्या, पडलेल्याच्या कपाळाला पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून गजराचं घड्याळ आणून नवऱ्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, "बारा मिनिटं. अंडं उकडायला तेवढीच लागतात. तेवढ्यात जे शिजत नाही ते पुढंही शिजत नाही."

ते हिरवं घड्याळ व्यासपीठावर असायचं. गजर झाला की साहेब थांबायचे. वाक्य संपवून नाही, बरं का. जिथं असतील तिथं. "आणि तेव्हा घरात तेलाची एकच बुधली उरलेली ती विधवा अलीशा संदेष्ट्याला म्हणाली," आणि टर्रर्र. "उरलेलं पुढच्या रविवारी." आणि पुढच्या रविवारी खरंच तिथून पुढं. मी एकदा मंगळवारी भिंतीवरून डोकावून विचारलं, "साहेब, त्या विधवेच्या तेलाचं पुढं काय झालं?"

"रविवारी."

"मला रविवारी जमणार नाही. लग्नाची ऑर्डर आहे, चारशे कडक भाकरी."

"मग नंतर कुणाला तरी विचारा. गजर म्हणजे गजर."

मालनबाई गेल्या, तरी घड्याळाला किल्ली द्यायचं काही सुटलं नाही. शनिवारी संध्याकाळी ते पायरीवर बसून ती किल्ली फिरवायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

आणि आमच्याकडं नळाला पाणी येतं ते चार दिवसांतून एकदा, तेही कधी येईल ते देवालाच ठाऊक. तर एकदा ऐन उपासनेत बाहेर कोणीतरी ओरडलं, पाणी आलं. बायकांची चुळबुळ सुरू झाली. उठता येईना, बसवेना. साहेब लांबलचक प्रार्थना म्हणत होते. ते डोळे मिटूनच, त्याच सुरात म्हणाले, "आणि ज्यांच्या घरी भरायला कोणी नाही, त्यांनी जाऊन भरून यावे. तोवर आपण दोन भजने अधिक म्हणू. आमेन." मी तर त्यांच्यातली नव्हे, पण सगळ्यात आधी मीच पळाले.

या असल्या गोष्टी थोरात मास्तरांना खपायच्या नाहीत. थोरात मास्तर म्हणजे मंडळीचे, चर्चला येणाऱ्या सगळ्या लोकांना ते मंडळी म्हणतात, त्यांचे सेक्रेटरी. निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक गोष्टीला नियम. वाईट माणूस नव्हे. शाळा सुटली तरी घंटा ऐकू येत राहिलेला माणूस. साहेबांचं आणि त्यांचं तीस वर्षं भांडण चाललं आणि तीस वर्षं रोज संध्याकाळी दोघं एकत्र चहा प्यायले.

तर आता खुर्चीची गोष्ट. खरं मला तीच सांगायचीय.

काही वर्षांपूर्वी ठरलं की आमचं दगडी चर्च कॅथेड्रल करायचं. मी साहेबांना विचारलं, म्हणजे काय होणार? ते म्हणाले, "कॅथेड्रल म्हणजे ज्या देवळात बिशपसाहेबांची खुर्ची असते ते. बाकी काही नाही. शिखर वाढत नाही, पंखे वाढत नाहीत. खुर्ची येते." आणि आमचे साहेब त्या कॅथेड्रलचे डीन झाले. डीन म्हणजे तिथला मोठा पाळक. गल्लीत सगळे त्यांना डीनसाहेब म्हणायला लागले. भाजीवाली डिंगसाहेब म्हणायची, तेही त्यांना चालायचं.

खुर्ची आली टेम्पोतून. सागवानी, नक्षीची, लाल मखमलीची गादी, माणसाच्या डोक्यावर हातभर जाईल एवढी उंच पाठ, आणि हात टेकायला दोन्ही बाजूंनी जाड दांडे. चौघांनी उचलून वेदीच्या उजव्या अंगाला ठेवली. आमचे हे बघायला आले होते. म्हणाले, "यावर बसणार कोण?"

"बिशपसाहेब," मास्तर म्हणाले.

"ते कधी येतात?"

"वर्षातून दोनदा."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी ती बिशपसाहेबांची आठवण म्हणून रिकामी असते," मास्तर म्हणाले. त्या रिकाम्या खुर्चीकडं डीनसाहेब कसे बघत होते ते मी बघितलं. भरल्या बसमध्ये एक सीट मोकळी दिसली की कंडक्टर बघतो, अगदी तसे.

मंडळीत एक एस्तरआजी होत्या. अजूनही आहेत. जन्मभर गिरणीत काम केलेलं, छातीत कापूस बसलेला. सरळ बसून दोन्ही हात कशावर तरी रेटले तरच त्यांना पुरता श्वास घेता यायचा. चर्चची बाकं अरुंद, त्यांना हात नाहीत. एका रविवारी मास्तरांनी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आजींनी हात रेटले, खुर्चीचे पाय फाकले, आणि आजी खाली. लागलं काही नाही. पण चारचौघांत पडल्याचं त्यांना लागलं. त्या यायच्या बंद झाल्या. तरुणपणी नवरा दारू पिऊन मारायचा तेव्हाही रविवार न चुकवलेली बाई ती.

डीनसाहेब त्यांच्या घरी गेले. मी भाकरी द्यायला तिथंच गेले होते.

"आजी, येत का नाही?"

"म्या येऊ कुटं बसायला, बाबा? श्वास गेला तर तुमच्या उपासनेत मरायची. तुमचंच काम वाडंल."

"खुर्ची हाय."

"ती पांडरी? नको बया."

"ती नव्हं. लाल."

पुढच्या रविवारी एस्तरआजी बिशपांच्या खुर्चीवर बसल्या. नऊवारी पातळ, डोईवर पदर, पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून खाली भजनाच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा. दोन्ही हात दांड्यांवर रेटून बसलेल्या. राणीसारख्या दिसत होत्या असं मी म्हणणार नाही, त्या अगदी एस्तरआजींसारख्याच दिसत होत्या. फक्त श्वास पुरता घेत होत्या. पहिलं भजन त्यांनी मोठ्यानं म्हटलं आणि दुसऱ्यात झोपल्या.

मास्तरांनी उपासना संपेपर्यंत दम काढला.

"डीनसाहेब, ही गोष्ट नियमात बसत नाही."

"आजी बसते ना पण?"

"चेष्टा नको. मी वर कळवीन."

"कळवा. शुद्धलेखन मात्र बघून कळवा." आणि दोघं चहाला गेले.

मास्तरांनी कळवलं. कागद नाही, मोबाइलवर फोटो पाठवला. खुर्ची, खुर्चीत आजी, आजीचं तोंड उघडं. साहेबांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं राहिली होती. कॅथेड्रलचा डीन म्हणून निवृत्त व्हायचं, चर्चमागच्या ज्या दोन खोल्यांत ते राहायचे, जिथं मालनबाईंची तुळस आणि लिंबाचं झाड होतं, तिथून सावकाश निघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे मला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं. म्हणून फोटो पाठवल्यावर मास्तरच दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाई सांगत होत्या.

बिशपसाहेब त्या वर्षी ठरलेल्या दिवसाच्या महिनाभर आधीच आले. निरोप आला सकाळी आठला, उपासना नऊला. मास्तर धावत आले, "आजींना आज बाकावर बसवा." डीनसाहेब म्हणाले, "आले की उठवतो. माझं ठरलेलंच हाय." पण मिरवणूक दारातून निघाली, पुढं क्रूस, मागं गाणारे, त्यामागं डीनसाहेब, आणि शेवटी बिशपसाहेब, जांभळा पट्टा, हातात ती वाकडी काठी, सांगोल्याकडचे मेंढके धरतात तसली, फक्त चांदीची. सगळे वेदीपाशी पोचले, आणि खुर्चीत आजी गाढ झोपलेल्या.

बिशपसाहेब उभे राहिले. डीनसाहेबांनी आजींकडं बघितलं, हात पुढं केला आणि मागं घेतला. गाणारे त्याच कडव्यावर पुन्हा पुन्हा फिरायला लागले. चौथ्या फेरीला आजींना जाग आली. समोर जांभळं काहीतरी उभं बघून त्या जराशा सरकल्या, बाजूची गादी थोपटली आणि म्हणाल्या, "ये बाबा, बस की हितं. दोगं मावतो."

शेवटच्या बाकावर मी तोंडात पदर कोंबला.

बिशपसाहेब गाणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले. सगळी उपासना त्यांनी तिथून केली. बाईंना उठवा असं ते म्हणाले नाहीत, हे मी मान्य करते. पण नंतर मागच्या खोलीत दार लोटून दोघं बसले, आणि मी ताटं घेऊन बाहेर उभी. मुद्दाम ऐकलं नाही. दार जुनं आहे, नीट लागत नाही.

"आढाव, ती खुर्ची कोणाची आहे?"

"आपली, साहेब."

"मग?"

"साहेब, बसमध्ये आमदारांची एक राखीव जागा असते. मी चार वर्षं कंडक्टर होतो. आमदार काही माझ्या गाडीत कधी चढले नाहीत. म्हणून मी तिथं म्हातारी माणसं बसवायचो. आमदार चढले की उठवायचं, असा माझा नियम."

"आज मी चढलो होतो."

"होय, साहेब."

"मग का नाही उठवलंत?"

"झोपली होती, साहेब."

मग बिशपसाहेब म्हणाले, "खुर्ची म्हणजे माझं लाकूड नव्हे, आढाव. ती या पदाची खूण आहे. उद्या प्रत्येक डीन स्वतःचा नियम करील. तुम्ही शब्द द्या, की परत असं होणार नाही."

"तो शब्द मी आजीला आधीच देऊन बसलोय, साहेब."

मी ताटं आत नेली. बिशपसाहेबांनी भाकरीचं कौतुक केलं. माणूस वाईट नव्हता तोही.

पंधरा दिवसांत बदलीचा कागद आला. नातेपुत्याच्या पलीकडं एक वाडी, बारा घरांची मंडळी. डीनपद गेलं. खुर्चीच्या दोन दांड्यांमध्ये लाल दोरी बांधायचा हुकूमही त्याच कागदात. डीनसाहेबांनी तो कागद व्यासपीठावरून स्वतः वाचून दाखवला, छापील भाषेत, एकही शब्द न गाळता. आजींना हाताला धरून घरी सोडून आले. मग घड्याळ पिशवीत घातलं, मालनबाईंची तुळस माझ्या ओट्यावर आणून ठेवली.

"वैनी, पाणी घाला. चार दिवसांतून एकदा घातलं तरी चालतं तिला. सोलापूरची हाय."

"साहेब, वाईट वाटतं हो."

"कशाचं? नातेपुत्याचा रूट माझा जुनाच." हसले. पण लिंबाच्या झाडाकडं बघत होते. मग दारापाशी गेले, दोन टोले दिले आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. मास्तर निरोप द्यायला आलेच नाहीत. संध्याकाळी बघितलं तर दोन कप घेऊन पायरीवर एकटेच बसले होते.

एस्तरआजी पुन्हा घरी. मी भाकरी दुधात भिजवून न्यायची. त्या म्हणायच्या, "माजं देऊळ झालं आता, बाई. त्या बाबाचं बी माज्यामुळं गेलं." असं म्हणताना त्यांचा श्वास जास्तच अडकायचा. खुर्ची मात्र तशीच. लाल दोरी बांधलेली, वर धूळ.

पुढच्या हंगामात त्या वाडीवर पिकांचा सण होता. शेतातलं जे येईल ते वेदीपुढं आणून ठेवायचं आणि उपकार मानायचे, असा तो सण. बिशपसाहेब येणार होते. साहेबांनी मला निरोप पाठवला, दोनशे भाकरी आणि चटणी घेऊन या. मी आणि मास्तर एकाच जीपमध्ये. सबंध वाटेत मास्तर एवढंच बोलले, "ते माझ्याशी बोलतील का हो?"

साहेब दारातच उभे होते. मास्तरांना बघून म्हणाले, "उशीर झाला. चहा दोनदा गरम केला." मास्तरांनी चष्मा पुसला.

देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. बाकं नाहीत. सतरंजी. सबंध वाडीत खुर्ची एकच, लोखंडी, घडीची, आणि तिच्यावर बाजाची पेटी ठेवलेली.

"पेटी उतरवू का, साहेब?" साहेबांनी विचारलं.

बिशपसाहेब उदार मनानं म्हणाले, "नको, नको. मी मंडळीबरोबर खालीच बसेन." आणि बसले. शेजारी मास्तर बसले. पुढ्यात भोपळे, मक्याची कणसं, ऊस, एक पाय बांधलेली कोंबडी. साहेब उपदेशाला उभे राहिले. टेबलावर हिरवं घड्याळ. मी मनात म्हटलं, बारा मिनिटं, मग जेवण.

योसेफाची गोष्ट होती. भाऊ विहिरीत टाकतात ती. बारा मिनिटं झाली, योसेफ विहिरीतच. वीस झाली. अर्ध्या तासाला योसेफ मिसर देशात पोचला. बिशपसाहेबांनी मांडी बदलली. पाऊण तासाला तुरुंगात गेला. बिशपसाहेबांनी पाय लांब केले, मग पुढ्यात भोपळे आहेत म्हणून परत घेतले. वाडीची माणसं रंगून गेली होती, कोंबडीसुद्धा गप्प. मला घड्याळ दिसत होतं. काटे चालत होते.

योसेफ सुटला, भाऊ गळ्यात पडले, आमेन झालं. बिशपसाहेबांनी आशीर्वाद द्यायला उठायचं होतं. त्यांनी एक गुडघा टेकला, झग्याची कड त्याखाली गेली, खाली बसले. डावा हात मास्तरांच्या खांद्यावर टेकला, मास्तर कलंडले. उजवा हात भोपळ्यावर टेकला, भोपळा गडगडत दारापर्यंत गेला. मास्तर त्यांना उठवायला आणि ते मास्तरांना उठवायला, अशी दोघांची बराच वेळ झटापट चालली. कोणी हसलं नाही. वाडीची माणसं फार सभ्य.

साहेब खाली आले, काखेत हात घातले आणि बिशपसाहेबांना उभं केलं. हळूच म्हणाले, "हात टेकायला कायतरी लागतं, साहेब."

बिशपसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. धाप लागली होती. "किती वेळ बोललात तुम्ही आज?"

"गजर झाला नाही, साहेब."

ते खरंच होतं, गजर झाला नव्हता. तो लावला होता का, हे बिशपसाहेबांनी विचारलं नाही. ताटं घासताना माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण मीही नाही विचारलं.

जेवण झालं. गाडीत बसताना बिशपसाहेब दार धरून थांबले. "मास्तर, ती दोरी सोडून टाका."

मास्तर वहीपेन काढूनच उभे. "आणि साहेब, आपण याल तेव्हा?"

"मी येईन तेव्हा उठवा." मग म्हणाले, "जागी असली तर."

मास्तरांनी तेही लिहून घेतलं. रविवारी त्यांनी स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली आणि आजींना आणायला रिक्षा घेऊन स्वतः गेले.

बदली काही रद्द झाली नाही. साहेब त्या वाडीवरूनच निवृत्त झाले, नुसते पाळक म्हणून. मग सोलापूरला आले, आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहिले. तुळस परत मागितली नाही, रोज येऊन बघून जायचे. नवे डीन आले होते, तरणे, हुशार, पडद्यावर चित्रं दाखवून उपदेश करणारे. साहेबांनी त्यांच्याकडं एकच मागितलं, घंटेची दोरी. आणि ते शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी बसायला लागले. नव्या डीनचा उपदेश लांबला की म्हणायचे, "वैनी, अंडं लई कडक झालं."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. माणसं लई आली, नातेपुत्याच्या बाजूनं तर गाडी भरून. पण मला तो दिवस नीट आठवत नाही. मला आठवतो त्याच्या आधीचा रविवार.

उपासना संपली होती. ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय टेकवेना. साहेब दारापाशी गेले, दोरी धरली आणि एक टोला दिला. सगळे निघायच्या तयारीत, चपलांत पाय घातलेले. दुसरा टोला येईना. माणसं वर बघायला लागली, घंटेला काही झालं की काय. नवे डीन पुढं झाले. "सर, मी ओढू का?"

"थांबा," साहेब म्हणाले. "म्हातारी उतरतीय."

मी वळून बघितलं. आत, वेदीपाशी, एस्तरआजी लाल खुर्चीचे दांडे सोडून नुकत्या उभ्या राहिल्या होत्या. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला थोरात मास्तर. चार पावलं टाकायची, थांबायचं, श्वास घ्यायचा. सगळी मंडळी उन्हात उभी. मला घरी तव्यावर भाकरी टाकायची घाई होती, पण मीही उभी. साहेबांचा हात वर, दोरी मुठीत, डोळे आजींच्या पायांकडं.

आजी दारापर्यंत आल्या. पायरीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. धाप लागलेली. मान वर करून साहेबांकडं बघितलं.

"उतरले की रं बाबा," म्हणाल्या. "वढ आता."

आणि साहेबांनी ओढली.